हळदीचे तीन डबे आणि एक लिफ्ट

पूनम सागर संकुलातल्या आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी पाटी आहे : कुत्र्यांना मनाई. नऊ वर्षं मी ती पाळली. मी आणि माझा कुत्रा चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरायचो, आणि सेक्रेटरीकाका लिफ्टमधून आम्हाला टाटा करायचे.

एका रविवारी दुपारी बाल्कनीत लोणच्याची बरणी फुटली आणि आमचा पठ्ठ्या काचांवरून धावत आला. पुढच्या पंजातून रक्ताची धार. मी धुतलेला टॉवेल त्यावर दाबला आणि अशी किंचाळले, की अख्खा मजला दारात. प्रेक्षक मला आवडतातच.

समोरच्या बेन हळद घेऊन आल्या. शेजारच्या वहिनी हळद घेऊन आल्या. नवरा आमच्याच स्वयंपाकघरातून हळद घेऊन आला. एवढी हळद माझ्या लग्नातही नव्हती.

"टॉवेल उचल ना जरा, थांबलं का बघू," नवरा म्हणाला. उचलला. पुन्हा भळभळ. वहिनींनी चिमूटभर हळद टाकली. दोन मिनिटांनी बेन गुजरातीत म्हणाल्या, "हवे जोवा दो ने!" म्हणजे, आता बघू द्या ना. पुन्हा उचलला, पुन्हा भळभळ, पुन्हा चिमूट. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात उजेड पडला : रक्त थांबत नव्हतं, कारण आम्ही त्याला थांबूच देत नव्हतो.

"आता टॉवेलला कुणी हात लावला तर चावेन. कुत्रा नाही, मी!"

घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरलं. टॉवेल भिजला तसा न काढता वर दुसरा ठेवला. तोही लाल झाला. पठ्ठ्याचा ओठ वर करून पाहिलं, तर गुलाबी हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या.

"निघायचं."

"अगं, उद्या सकाळी नेऊ. कुत्र्यांचं आपोआप भरतं."

"तुझी करंगळी कापली तेव्हा तू आयसीयू शोधत होतास. रिक्षा बोलव!"

लिफ्टपाशी सेक्रेटरीकाका उभे. "भाभी, बोर्ड देखा ना?"

"नौ साल से देख रही हूँ. आज बोर्ड मुझे देखेगा. बटण दाबा, माझे हात गुंतलेत."

त्यांनी दाबलं.

"धमनी कापलीय," दवाखान्यात प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "दाबून आणलंत म्हणून बरं. पण ही हळद कुणी भरली?" टाके घालण्याआधी ती धुण्यातच बराच वेळ गेला. मग त्यांनी लिहून दिलं : दहा दिवस जिना बंद.

तो कागद मी लिफ्टच्या पाटीवरच चिकटवला. टाके केव्हाच निघाले. कागद मी काढलेला नाही, आणि काढायची कुणाची हिंमत झालेली नाही.