वानरांनी टाकलेल्या चिंचा

रानातल्या वानरांच्या पोटात कोणते जंत आहेत, हे शोधायचं काम आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे आलं. मी तिथे सहायक. आठवड्यातून एकदा आंबागडच्या पायथ्याशी जाऊन वानरांची विष्ठा डब्यांत भरून आणायची. कामात मी भारी काटेकोर. हातमोजे, तोंडाला फडकं, नंतर कोपरापर्यंत साबण. सोबतचे वनमजूर काका हसायचे. म्हणायचे, "इतके हात तं मी जेवाच्या पयलेबी नाही धुवत, मॅडम."

वानरांचा कळप दुपारी एका जुन्या चिंचेवर बसायचा. खाली अर्धवट कुरतडलेल्या चिंचांचा सडा. "वानेर कच्ची चिंच तोंडात घेत नाही. त्यानं टाकलेली गोडच रायते," काका म्हणायचे. आमच्याकडे हे सगळेच मानतात, मीही लहानपणापासून मानत आले. त्याच झाडाखालून नमुने उचलायचे, हात स्वच्छ धुवायचे आणि त्याच मातीतल्या चिंचा ओढणीला पुसून लेकीसाठी न्यायच्या! शिकलेल्या बाईची अक्कल ही.

लेक पहिलीत होती. पिवळी पडत चालली होती, भिंतीची माती खरवडून खायची. शाळेच्या वेळेला नेमकं पोट दुखायचं. मला वाटायचं, बहाणे.

शेवटी डॉक्टरांनी शी तपासायला सांगितली. म्हटलं, बाहेर कशाला, आपणच बघू. सकाळभर वानरांचे नमुने पाहून झाले होते. लांबट लिंबासारखी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी जंतांची अंडी डोळ्यांत बसली होती. मग लेकीच्या नमुन्याची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. तीच अंडी. मला वाटलं, काच बदलली. पुन्हा नवी केली. पुन्हा तीच, आणि जिकडे बघावं तिकडे.

वानरातल्या आणि माणसातल्या या जंतांची अंडी मायक्रोस्कोपखालीही वेगळी ओळखता येत नाहीत. जंत त्यांनी आम्हाला दिले की आमच्या उघड्यावर बसण्यानं त्यांना, कोण सांगणार? पण लेकीच्या तोंडात ती माती मी घातली होती, यात मला शंका नव्हती.

डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. पहिली गोळी देताना मी तिला सांगितलं, तुझ्या पोटात खरंच जंत आहेत.

तिनं गोळी चावून गिळली. म्हणाली, "म्हणजे मी खोटं नव्हती बोलत?"

"नाही गं."

"मंग तू मले मारलं काहून?"