रिकामं ते उपडं

माझा धाकटा भाऊ धनराज पायदळात शिपाई आहे. सीमेवरच्या चकमकीनंतर सुट्टी मिळाली, तेव्हापासून तो कुरखेड्याला माझ्याकडेच आहे. रिकामी वस्तू दिसली की उपडी करतो. कप, डबा, बादली. एकदा मी म्हटलं, "काऊन रे, माह्या घरात काई उरलं नाई असं लोकायले दाखवतं का?"

"सवय हाय बाई," तो म्हणाला. "गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन छातीवरच्या कप्प्यात सरळ ठेवाचं, रिकामं झालं की उपडं. अंधारात बोटालेच समजते. अन् एक भरलेलं परतीच्या वाटेसाठी राखाचं, असा हुकूम."

त्या चकमकीत त्याच्या जोडीदारानं, झिंगूनं, घाईत रिकामं मॅगझिन सरळच ठेवलं होतं. ऐन वेळी तेच हाती आलं. "धन्या, एक फेक!" म्हणून तो ओरडला. धनराजजवळ राखलेलं एकच उरलं होतं. त्यानं फेकलं नाही. झिंगू तिथंच मारला गेला. परतीच्या वाटेवर एकही गोळी झाडावी लागली नाही.

"हुकूमच होता ना रे," मी म्हणते.

"झिंगूच्या मायले सांगशील तू?" तो विचारतो.

काल सांजेला देवापुढचा दिवा त्यानं उपडा केलेला दिसला. तेल संपलं होतं. मी दिवा सरळ केला, तेल घातलं, वात लावली, हात जोडले. देवाजवळ काय मागावं, ते सुचेना.

तो मागंच उभा होता. म्हणाला, "बाई, सोमवारी मले परत जाचं हाय."