बांधापलीकडचं गवत

शेजाऱ्याकडे डोकावणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते बांधावरून आपणच चालत येतात. आमच्या भोंगवलीत मला कोणी नुसतं "चहा झाला का?" विचारलं, तरी माझ्या तोंडून विलासभाऊजींच्या द्राक्षमळ्याचंच काहीतरी निघतं. त्यांचा मळा आणि आमचं रान, मध्ये एकच बांध. आणि बांधावर बहुतेक मी!

त्यांची मुलगी मधुरा वाइन करायचं शिकून आली आणि म्हणाली, "आता औषध नाही, युरिया नाही. सगळं शेणावर, गवतावर आणि चंद्राच्या कलांवर." अशी तीन वर्षं काढली की सेंद्रियचं सर्टिफिकेट मिळणार होतं. मी सातवी शिकलेली. पण शेणातलं मला कळतं, म्हणून लक्ष घालायचं ठरवलं.

* * *

नवरात्रात बघते तर बापलेक खड्डा खणून गाईची शिंगं पुरतायत. शेण भरलेली! करणी! तीही आमच्या बांधाजवळ! घरी जाऊन सगळ्यांवरून पाच लिंबं उतरवली आणि सकाळी त्या खड्ड्यावर ठेवून आले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला शिंगं वर निघाली. आतल्या शेणाचं काळंभोर, मऊ खत झालेलं. मधुरा म्हणाली, "काकू, तुम्ही ठेवलेल्या लिंबांचं मी तेव्हा सरबत केलं. काय रसाळ होती!"

ती उतरवलेली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

* * *

ते खत मूठभर घेऊन पिंपभर पाण्यात तासभर ढवळतात. आधी उजवीकडे, मग डावीकडे. मी म्हटलं, "एवढ्यात शेरभर लोणी निघालं असतं की गं!"

"मग या ना काकू, तुम्हीच ढवळा."

हौसेनं काठी घेतली. तासाभरानं हात खांद्यातून गेला, आणि आमच्या ह्यांना तीन दिवस स्वतः भाकऱ्या थापाव्या लागल्या. त्या भाकऱ्या बघून चंद्राचा परिणाम मलाही पटला. एकही गोल नव्हती!

* * *

पहिली वाइन झाली तेव्हा मधुरानं पेला पुढे केला. "काकू, चव सांगा."

मी दारूला शिवत नाही. पण शेजारधर्म! एक घोट घेतला. "आंबट हाय." दुसरा घेतला. "जरा तुरट बी हाय." पाचव्या घोटाला आमचे हे बांधावरून ओरडले, "अगं, चव घावली का न्हाई अजून?"

* * *

मधुरा द्राक्षाच्या ओळींमध्ये मुद्दाम गवत वाढवते. जमिनीला ओलावा राहतो म्हणे. गुडघाभर लुसलुशीत गवत, आणि इकडे माझी चंद्री म्हैस कडबा चघळतेय! मला बघवेना. रोज पहाटे बांधाकडच्या दोन ओळी मी खुरपून आणू लागले.

"काकू, इथलं गवत जातंय कुठं?"

"रानडुकरं गं! लई माजलीत."

विलासभाऊजी बिचारे तीन दिवस पत्र्याचा डबा बडवत राखणीला बसले. मला इतकं वाईट वाटलं, की मी रोज त्यांना चहा नेऊन दिला.

आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तपासणीचे साहेब आले. त्या दोन ओळींपाशी थबकले. "सगळीकडे गुडघाभर गवत, आणि इथं काडी नाही? तणनाशक मारलंय. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून!"

"नाही हो सर, रानडुकरं..." मधुरा म्हणाली.

"रानडुकरं ओळीत खुरपतात?"

मी बांधावर होतेच. जन्मात पहिल्यांदा वाटलं, आज घरी असते तर बरं! पण पोरीचा चेहरा बघवेना.

"सायेब, म्या खुरपलं. चोरून. म्हशीला."

"कशावरून?"

"औषधाचं गवत खाऊन म्हस आठ लिटर दूध देती व्हय? चला, दावते!"

साहेब खरंच गोठ्यात आले, मागोमाग बापलेकही. गव्हाणीतलं गवत उलटंपालटं केलं, मुळांची माती चोळून बघितली. चंद्रीचा तोंडात गवत असलेला फोटो काढला आणि कागदावर लिहिलं, 'तण हाताने काढले आहे.'

मग साहेबांनी हळूच विचारलं, "आणि ते रानडुक्कर?"

विलासभाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"लई गुणाचं हाय, सायेब. म्या राखणीला बसलो, तवा तीन दिस चहा आणून देत हुतं."