खिचडीच्या गंजातली मतं

सरपंचाला काढण्यासाठी गाव मतदान करतं तेव्हा मतपत्रिकेवर कोणाचंच नाव नसतं. सदस्यांनी मंजूर केलेला अविश्वास ठराव गावाला मान्य आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि त्याखाली शिक्का मारायला दोन चौकोन. वरचा चौकोन ठरावाला मान्यता देणाऱ्यांचा, म्हणजे सरपंच जावा असं वाटणाऱ्यांचा. खालचा विरोध करणाऱ्यांचा, म्हणजे सरपंच राहावा असं वाटणाऱ्यांचा. अशा काही विशेष ग्रामसभा मी बातमीसाठी पाहिल्या आहेत. शाळेचं मैदान, दोरीने आखलेल्या रांगा, सावली शोधणारे पोलीस हे सगळीकडे सारखंच असतं. ठरावावर सह्या करणारे सदस्यही सारखेच असतात. फुटू नयेत म्हणून त्यांना आठवडाभर देवदर्शनाच्या नावाखाली कुठल्यातरी लॉजवर ठेवलेलं असतं आणि मतदानाच्या सकाळी ते एकाच जीपमधून उतरतात. चिखली तालुक्यातल्या त्या गावातही ते तसेच उतरले. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच दुकानातून घेतलेल्या टोप्या होत्या.

सरपंच एक बाई होत्या. थेट गावाने निवडून दिलेल्या, चाळिशीच्या, टेकडीवरच्या बौद्ध वस्तीत राहणाऱ्या. ठरावाच्या नोटिशीत ‘सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार’ असं कारण लिहिलं होतं. खरं कारण एक डोंगल होतं. ग्रामपंचायतीचा पैसा काढायला सरपंचाची डिजिटल सही लागते आणि ती सही त्या बोटभर वस्तूत असते. आधी ती उपसरपंचांच्या कपाटात राहायची. बाईंनी ती मागून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि प्रत्येक बिल वाचून मगच सही करायला लागल्या. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. ती संपेपर्यंत सगळे थांबले.

गावाचे तीन प्रभाग होते. टेकडीची वस्ती बाईंची, मधलं गाव उपसरपंचांचं, आणि ओढ्याकडची आळी भाजीपाला पिकवणाऱ्या घरांची. निकाल या आळीवर अवलंबून होता. आधीच्या एका पंचायत निवडणुकीत प्रभागवार मोजणी झाली आणि आळी कोणाच्या विरोधात गेली ते गावाला कळलं. त्यानंतरचा सगळा उन्हाळा आळीच्या नळाला पाणी सगळ्यात शेवटी सुटायचं, तेही करंगळीएवढ्या धारेचं. व्हॉल्व्ह खराब आहे, असं सांगितलं जायचं. बाई सरपंच झाल्यावर तो कोणी दुरुस्त न करताच नीट चालू लागला.

म्हणून या वेळी आळीतल्या बायकांनी बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. घरातले पुरुष उपसरपंचांबरोबर जीपमध्ये फिरत होते. आम्ही खालच्या चौकोनावर शिक्का मारू, पण आळीची पेटी वेगळी मोजली तर आमचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. बाईंनी घरोघरी एकच सांगितलं: पेट्या एकत्र केल्याशिवाय मी मोजू देणार नाही. असं सांगण्याचा अधिकार त्यांना होता की नाही, हे त्यांनाही माहीत नसावं. मला हे त्यांच्या दिराकडून मतदान चालू असताना कळलं. वहिनीनं नको ते बोलून ठेवलं, असं त्याचं मत होतं.

दुपारी उशिरा मतदान संपलं. तीन प्रभागांच्या तीन पेट्या चौथीच्या वर्गात आणल्या. तहसीलमधून आलेल्या अधिकाऱ्यांची त्या आठवड्यातली ही दुसरी ग्रामसभा होती. घसा बसलेला, डोळे लाल. त्यांनी बाकं जोडून तीन टेबलं केली, प्रत्येक टेबलावर एक पेटी ठेवली आणि सील पाहून घ्यायला सांगितलं. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

“साहेब, तिन्ही पेट्या एका जागी करा, मंग मोजा.”

उपसरपंच खिडकीपाशी बसले होते. वयाने मोठे, आवाज कधी न चढवणारे. “काऊन ताई? कोणत्या पेटीतून काय निघते, याचं भेव वाटून राह्यलं काय?”

“मले नाही वाटत, भाऊ. ज्यायनं टाकलं त्यायले वाटते.”

वर्गात थोडं हसू झालं. अधिकाऱ्यांनी सोबतच्या कागदांत पाहिलं. एकत्र करा असं त्यात लिहिलेलं नव्हतं आणि करू नका असंही नव्हतं. तीन टेबलांवर काम लवकर उरकेल, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून, दोन्ही बाजूंची हरकत नसेल तर एकत्र करतो आणि तसं इतिवृत्तात लिहितो, असंही म्हणाले. उपसरपंचांची माणसं व्हरांड्यात गेली. आत येताना त्यांनी एक अट आणली. पेट्या एकत्र करा, पण निकाल काहीही लागो, बाईंनी फेरमोजणी मागायची नाही, आणि हे आत्ता लिहून द्यायचं.

दिराने बाईंचं कोपर धरलं. “वहिनी, हे देऊ नका. घासून होऊन राह्यलं.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कडुलिंबाखाली ओढ्याकडच्या आळीतल्या काही बायका बसल्या होत्या. आतलं त्यांना ऐकू जात नव्हतं.

“घ्या लिहून,” बाई म्हणाल्या.

तीन पेट्यांची मतं मावतील असं भांडं शोधण्यात वेळ गेला. शेवटी शाळेच्या स्वयंपाकखोलीतून खिचडीचा मोठा गंज आणला. घासलेला होता, तरी हळदीचा वास जात नव्हता. दोन कर्मचाऱ्यांनी पेट्या त्यात उलट्या केल्या आणि कोपरापर्यंत हात घालून कागद खालीवर केले. उपसरपंचांच्या बाजूचा एकजण म्हणाला, “साहेब, मीठ पाहून घ्या.” दारातला पोलीसही हसला. एका मतपत्रिकेला पिवळा डाग लागला होता. तो शिक्का नव्हे, हे दोन्ही बाजूंनी लगेच मान्य केलं.

मोजणीचं वर्णन करण्यासारखं फार नसतं. कागद उलगडायचा, दोन्ही बाजूंना दाखवायचा, गठ्ठ्यावर ठेवायचा. पंचवीस झाले की रबर बँड. सुरुवातीला बाईंचे गठ्ठे पुढे होते. मग बरोबरी झाली. बाहेर बँडवाले बसले होते. त्यांनी दोन्ही बाजूंकडून इसार घेतला होता, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. ट्यूबलाइट लावली तेव्हा फरक कोणाच्या बाजूला आहे हे नुसतं पाहून सांगता येत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष हळूहळू तिसऱ्या ढिगाकडे गेलं. तो बाद मतांचा होता.

त्यात काही कागदांवर दोन्ही चौकोनांत शिक्के होते. बऱ्याच कागदांवर शिक्काच नव्हता, अंगठा होता. रेशन घेताना अंगठा लागतो, मजुरीच्या हजेरीला लागतो. टेबलावर शिक्क्याचं पॅड उघडं दिसलं, तशी अनेकांनी त्यावर अंगठा दाबून चौकोनात उठवला होता. अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो, आणि मत देणारा ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद. अधिकाऱ्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं. बहुतेक अंगठे खालच्या चौकोनात होते. बाई तो ढीग पाहत होत्या. त्यांनी हात लावला नाही.

नऊ मतांनी ठराव मंजूर झाला. बाद मतं त्याच्या तिपटीहून जास्त होती.

बाहेर गुलाल उडाला आणि बँड सुरू झाला. वर्गात अधिकारी इतिवृत्त लिहीत होते. दिराने बाईंना फळ्यापाशी नेलं. मी दोन हातांवर होतो.

“अंगठे पाह्यले ना वहिनी? सारे आपलेच हायेत. एक अर्ज द्या. मंग वकील पाहून घेईन.”

“लिहून देल्लं ना आपण.”

“लिहून तं तेही देतात. पाळते कोण?”

“त्यायनं मिसळू देल्लं,” बाई म्हणाल्या. “त्यायचं त्यायनं पाळलं. आता आपलं आपण पाळाचं.”

दीर बाहेर गेला. बाईंनी पदराची गाठ सोडली आणि डोंगल काढून ग्रामसेवकाच्या हातात दिलं. पोच मागितली. ग्रामसेवकाने ती कोऱ्या कागदावर लिहून दिली. घडी घालून त्यांनी तो कागद त्याच गाठीत बांधला आणि मागच्या दाराने टेकडीकडे गेल्या. कडुलिंबाखालच्या बायका तोपर्यंत उठल्या होत्या. मिरवणुकीबरोबर कोण गेलं आणि घरी कोण गेलं, हे गर्दीत समजलं नाही.

बुलढाण्याहून डेस्कचा फोन आला. वस्तीने साथ सोडली की आळीने, हे त्यांना हवं होतं. प्रभागवार आकडे दे, दोन कॉलम लावतो, असं उपसंपादक म्हणाला. पेट्या एकत्र केल्या, प्रभागवार आकडे नाहीत, असं मी सांगितलं. कोणी अंदाज देईल का, असं त्याने विचारलं. अंदाज सगळेच देत होते. उपसरपंचांचे लोक म्हणत होते की वस्तीच फुटली. वस्ती म्हणत होती की आळीने दगा दिला. आळीतले पुरुष छातीठोक सांगत होते की आमच्या घरचं एकही मत खाली गेलं नाही. यातलं काहीच छापण्यासारखं नव्हतं. बातमी एका कॉलमात गेली.

उन्हाळ्यात पाणीटंचाईच्या बातमीसाठी पुन्हा त्या गावात जाणं झालं. कारभार उपसरपंचांकडे होता. पाणी एक दिवसाआड सुटत होतं, पण तिन्ही प्रभागांना सारखंच. पुरेसं कोणालाच नव्हतं. पाणी सोडणारा माणूस टाकीखाली विडी ओढत बसला होता. या वर्षी कोणाचा व्हॉल्व्ह खराब नाही का, असं मी विचारलं.

“पह्यले इचारलं होतं आम्ही उपसरपंचायले, कोणाचा फिरवाचा म्हणून,” तो म्हणाला. “त्यायलेच समजून नाही राह्यलं.”

बाई टेकडीच्या नळावर रांगेत होत्या. पुढे पाच-सहा हंडे होते. मी कसं चाललंय विचारलं. कापूस वेचायला जात होते, आता हळदीच्या कामाला जाते, असं त्या म्हणाल्या. आळीतल्या बायका भेटतात का, असंही विचारलं. भेटतात, बाजारात, शेतात. जी ती हळूच जवळ येऊन सांगते की मी तुमच्याच बाजूचा शिक्का मारला होता.

“साऱ्याच सांगतात,” बाई म्हणाल्या. “इतक्यायनं मारला असता तं मी पडली असती काय?”

मग कोणी खरं कोणी खोटं, हे कळावं असं वाटत नाही का, असं मी विचारलं. त्या हंडा पायाने पुढे सरकवत होत्या.

“वाटते ना. रोजच वाटते,” त्या म्हणाल्या. “पण आता इचारू कोणाले? गंजाले?”

त्यांचा नंबर आला होता. त्यांनी हंडा नळाखाली लावला. धार बारीक होती, भरायला वेळ लागणार होता. मी बसची वेळ पाहिली आणि निघालो.