टॅव्हर्नमधली टोपी

साळुंखे सरांचं नाव आधी घ्यायला हवं. करमाळ्याला आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला टेम्पोवर क्लीनर म्हणून पाठवायचं वडिलांनी ठरवलं होतं. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि वडील ‘हो’ म्हणेपर्यंत उठले नाहीत. मी पदवीधर झालो तो त्या बसण्यामुळे. आणि त्यांच्याशीच मी — हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सांगतो. जरा आडवळणाने जाईन, पण सांगतो.

२०१७ चा उन्हाळा. इकडे परदेशात नवीनच आलो होतो, स्कारबरोमध्ये एका बेसमेंटमध्ये राहत होतो. मार्कहॅमच्या कंपन्यांना अप्लाय करत होतो, उत्तरं येत नव्हती. पोटासाठी एका जुन्या टॅव्हर्नमध्ये कामाला लागलो. इंग्रजांच्या अमलात घोडागाडीचे प्रवासी तिथे थांबत, पीत, झोपत. आता ते त्या गावाच्या इतिहासाचं म्युझियम आहे. मी तिथला त्या काळातला नोकर व्हायचो — गुडघ्यापर्यंतची विजार, एप्रन, लोकरीची टोपी — आणि पाहुण्यांना पेल्यातून सफरचंदाचा रस द्यायचो. सोंग मोडायचं नाही, हा नियम. एक सवलत मात्र होती, आणि आमची प्रमुख लिंडा ती दारातच प्रत्येकाला सांगायची: यांच्यापैकी कुणी टोपी काढली, की तो आजचा माणूस झाला. मग त्याच्याशी काहीही बोला.

आणि सरांना मी फोनवर काय सांगितलं होतं? म्युझियममध्ये संशोधक आहे म्हणून. त्यांनी ते शाळेत प्रार्थनेनंतर माईकवरून सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर खरं सांगणं — नाही, अवघड नव्हतं. मी सांगितलं नाही, इतकंच.

जुलैत सर मुलीकडे मिसिसागाला आले, आणि मला न कळवता तिला घेऊन थेट टॅव्हर्नमध्ये. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर! मी पेले पुसत होतो.

“अरे दत्ता! हा काय अवतार? आणि या पेल्यांत दारू नाही ना रे?” स्वतःच खळखळून हसले.

सगळे बघायला लागले. लिंडाने दुरूनच स्वतःच्या टोपीला बोट लावलं — तुझे कुणी आहेत का? काढतोस? मी मान हलवली. नाही. आणि सरांना इंग्रजीत म्हणालो, “या, पाहुणे. कुठल्या रस्त्याने आलात?”

सर थांबले. माझ्या डोक्याकडे पाहत राहिले. दारात नियम त्यांनीही ऐकला होता ना? किती वाट पाहिली असेल त्यांनी? माझे हात रिकामे होते — पेला केव्हाच खाली ठेवला होता.

मग ज्या ठसठशीत इंग्रजीत त्यांनी मला शिकवलं होतं, त्याच इंग्रजीत ते म्हणाले, “करमाळ्याहून. लांबचा रस्ता आहे.” मी पुढे केलेला रस प्यायले. मुलीकडे वळले. “चल गं सुजाता. माझीच नजर चुकली. आपला दत्ता आत ऑफिसात असेल.”

“अहो बाबा, हाच तर—”

“नाही म्हटलं ना.”

त्या रविवारी फोनवर म्हणाले, “म्युझियम पाहिलं रे. छान आहे. तू कामात होतास वाटतं.”

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी म्हणालो, “हो सर, आत होतो.”

पुढे नोकरी लागली, ओटावाला आलो. सर अजून दर दिवाळीला फोन करतात. बर्फासाठीचे विंटर टायर घातलेस का, विचारतात — हा शब्द त्यांनी खास माझ्यासाठी शिकून घेतलाय. त्या टॅव्हर्नचं नाव कधीच काढत नाहीत. ते कुणाची लाज राखतात, हे मला कळत नाही का?

गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

गुरुवर्य सरांस साष्टांग नमस्कार.

टॅव्हर्नमध्ये तुम्हाला रस देणारा नोकर मीच होतो. संशोधक मी कधीच नव्हतो. हे तुझे कुणी आहेत का, असं तिथल्या बाईंनी मला खुणेने विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तुम्ही माझ्या टोपीकडे पाहत होतात, ते मला दिसत होतं.

तुमचा,
दत्ता