हौदाकाठची साखर

आमच्या घरामागच्या हौदावर पंखांच्या मुंग्या पहिल्यांदा उतरल्या, ती भाद्रपदातली दमट दुपार होती. पाऊस थांबला होता, वारा पडला होता आणि मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज अगदी भिंतीपलीकडून यावा तसा ऐकू येत होता. पत्नी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, काठी टेकत पायऱ्यांपर्यंत आली आणि थांबली. निळ्या फरशीवरचं पाणी दिसतच नव्हतं. सुपातले काळे तीळ उधळून द्यावेत तसा सगळा हौद भरला होता, आणि त्यातले बरेच तीळ हलत होते.

“ह्या सगळ्या मरायल्यात,” ती म्हणाली.

“जाळीनं काढतो. जरा थांब.”

“ह्यांच्या मढ्यांतनं मी चालू व्हय?” एवढं बोलून ती माघारी वळली. त्या दिवशी ती पाण्यात उतरली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाणी स्वच्छ करून दाखवलं, तरीही उतरली नाही.

तिचं पाण्यात न उतरणं ही साधी गोष्ट नव्हती. आदल्या वर्षी शेताच्या ओल्या बांधावरून घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. बीदरला शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, हाड जुळून आलं. पण पाय जमिनीवर टेकवायचा विश्वास मात्र गेला. रोज छातीभर पाण्यात चालायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाण्यात शरीराचा भार कमी होतो आणि पाय पुन्हा धीट होतो. यात खंड पडला तर काठी जन्मभर सुटणार नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे बजावलं. परक्या माणसांसमोर पाण्यात उतरायला ती मुळीच तयार नव्हती. म्हणून मी परसात हौद खोदायला घेतला.

आमच्याकडची जमीन तांबड्या जांभ्याची. खोदणारं यंत्र दगडावर दात घासत राहिलं आणि शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बघत बसले. खत-बियाण्याचा दुकानदार आता पोहायचा तलाव बांधतोय, म्हणून गावाने माझी यथेच्छ थट्टा केली. मला त्या थट्टेचा राग आला नाही. या खटाटोपात माझी हौस किती आणि पत्नीची गरज किती, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. हौसही होती, निळी फरशी निवडताना तर ती बरीच होती. परंतु हौदाची खोली मी तिच्या खांद्याला दोरी लावून ठरवली होती. त्याबाबत माझं मन स्वच्छ आहे.

एका भिंतीलगत मी स्टीलचा पाइप बसवून घेतला होता. तो धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पाइप तिने कधी सोडला नाही. बोलता बोलता केस सावरायचे झाले, तरी दुसरा हात तिथेच घट्ट असायचा.

तिने हौदाकडे पाठ फिरवली त्याच आठवड्यात मादन हिप्परग्याहून तिचा धाकटा भाऊ मुगाची पिशवी घेऊन आला. हौद पाहून तो मिशीत हसला.

“दाजी, हौद अक्कासाठी हाय का मुंग्यांसाठी?”

“सध्या तरी मुंग्यांसाठी.”

“मग कामून बसून राहिलाव? दुकान औषधानं भरलंय. एक पुडी सोडा बिळात.”

ते मलाही सुचलं होतं. कोणती भुकटी, किती आणि केव्हा टाकायची, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. त्या कामात मला शंका नसते. पण स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला.

“दुकान दुकानातच ऱ्हाऊ द्या. शनवारी मुंग्यांस्नी साखर घालायची आन् वरून औषध, असलं माझ्या दारात चालायचं न्हाई.”

“आगं, पण त्या पुन्हा येणार,” मी म्हणालो. “अशा हवेत त्या जोडीदार शोधायला बाहेर पडतात. पाणी चमकतं, तिकडे वळतात आणि पडतात.”

ती दारात आली. “म्हंजे लग्नाला निघाल्यात. वऱ्हाड बुडायलंय आपल्या परसात, आन् हे औषध मारायची भाषा करायलेत.”

“अक्का, मग त्यांना दुसरा हौद बांधून देऊ,” भाऊ म्हणाला.

“तू गप बस. मूग निवडायला घे.”

मी बाहेर जाऊन कडेकडेने बिळं पाहू लागलो. पायऱ्यांजवळ, हौदाच्या काठापासून वीतभर अंतरावर, बारीक तांबड्या मातीच्या कड्यांची रांगच होती. आणखी कुठेही एवढी बिळं नव्हती. ती इथेच एवढी का, हे मला उभ्या उभ्या कळलं.

तिच्या माहेरी शनिवारी मुंग्यांच्या बिळापाशी पीठ-साखर घालायची रीत आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ही रीत पाळत आली होती. ती अंथरुणावर असताना हे काम माझ्याकडे आलं. “घातली का साखर?” ती विचारायची. “घातली,” मी सांगायचो. कुठे, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती कुंपणापलीकडच्या बाभळीखाली जात असे. मी मात्र वाटी घेऊन सर्वांत जवळच्या बिळाशी थांबत होतो. पुढे जिथे हौद झाला, त्याच्या कडेलाच ते बीळ होतं. शिवाय तिच्या आजारपणात हात आखडता घ्यायला नको, या भावनेने मी दर खेपेला मूठ रिकामी करत होतो. सवय अशी पडली की ती हिंडू-फिरू लागल्यावरही वाटी माझ्याच हाती राहिली. दिवसभर मुंग्या मारण्याची भुकटी विकणारा मी, शनिवारी त्यांचं गोकुळ वाढवत होतो.

मी हे घरात येऊन सांगितलं.

“मूठभर? आवो, चिमटीभर घालत्यात. जावई जेवायला बसवल्यावानी वाढलं व्हय?”

कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली. पण पाण्यात उतरायचा विषय काढताच तिने मान हलवली. आधी ह्यांचं बघा, मग माझं.

त्या शनिवारी साखर बाभळीखाली गेली, चिमटीभरच. दुकानात रोपवाटिकेसाठी आणलेली हिरवी शेडनेट होती; मेहुण्याला हाताशी घेऊन मी ती काठावर रोवलेल्या बांबूंवर ताणली आणि हौद झाकला. काम चोख झालं होतं, असं मी आजही म्हणेन. फक्त जाळी थोडी अपुरी पडली आणि पाइप नसलेल्या बाजूला, पायऱ्यांपासून लांब, पाण्याचा एक रुंदसा पट्टा उघडा राहिला.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा थोडा पाऊस पडून उघडला आणि मुंग्या निघाल्या. बहुतेक जाळीवर आपटून बाजूला उडाल्या, पण उघड्या पट्ट्यात शे-दीडशे तरी पडल्याच. मी काठावर पालथा पडून लांब दांड्याची जाळी फिरवू लागलो. ओल्या कापडाला चिकटून मुंग्या चेंगरत होत्या.

“असं न्हाई,” मागून आवाज आला. ती पिठाची चाळणी घेऊन उभी होती. “खालून उचलायच्या, अलगद.”

“काठावरून हात मधल्यांपर्यंत पोचत नाही.”

“मग व्हा बाजूला.”

तिने काठी भिंतीला टेकवली आणि नेसत्या लुगड्यानिशी पायऱ्या उतरली. जाळीखालून वाकून ती थेट त्या पट्ट्याकडे निघाली. दोन्ही हातांनी चाळणी पाण्याखाली धरायची, वर घ्यायची, पाणी निथळू द्यायचं आणि काठावर अंथरलेल्या कोरड्या पोत्यावर हलकेच पालथी करायची. पोत्यावर मुंग्या थोडा वेळ गोळा होऊन पडत, मग एकेक पाय झाडत चालू लागत. ती पुन्हा वळे, पुन्हा आत जाई. पाइप पलीकडच्या भिंतीला होता, तिच्यापासून चांगला लांब.

मेहुण्याच्या ते लक्षात आलं. “अक्का…” त्याने तोंड उघडलं आणि मी त्याचा दंड दाबला.

ती हौदाच्या मधोमध थांबली. चाळणीतून पाणी गळत होतं.

“दोघंबी काय बघायलाव? पोतं अलीकडं सरकवा.”

मी पोतं सरकवलं.