रॉस पेंगेलीचा ग्रह

रॉस पेंगेली हे नाव तुमच्या कानावर असायचं काही कारण नाही. येरागलच्या आमच्या वेधशाळेत त्याचे केस पिकले, पण त्याच्या नावावर म्हणाल तर काहीच नाही. दुसऱ्यांच्या लेखांवर जी नावांची रांग असते, तिच्या मधेच कुठेतरी हा उभा असायचा. माणूस मात्र चांगला. इतका चांगला की मला कधीकधी त्याचा राग यायचा. बायको सोडून निघाली तेव्हा तिचं कपाट ट्रकमध्ये चढवायला हाच खालून खांदा देत होता.

मी ग्लेनिस. वेधशाळेच्या निवासाचं आणि जेवणखाणाचं सगळं माझ्याकडे. आकाशातलं मला बेताचंच कळतं, पण ते बघणाऱ्यांची भूक आणि रुसवेफुगवे चांगले कळतात.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, कॉलेजं सुटली की आमच्याकडे पोरं येतात. पदवीची पोरं, वर्गात पहिली येणारी, आणि अंडं कसं उकडायचं हे न कळणारी. उन्हाळाभर एकेकाने एकेका शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करायचं आणि फेब्रुवारीत सिडनीच्या मुख्य कचेरीत सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं. पुढे कोणाला संशोधनाला घ्यायचं, हे तिथेच बाहेर चहा पिता पिता ठरून जातं. कागदोपत्री तसं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या वर्षी रॉसच्या वाट्याला एलेनोआ तौफा आली. टोंगन, म्हणजे दूरच्या बेटांवरून आलेल्या लोकांतली मुलगी, पण जन्म सिडनीच्या पश्चिमेकडचा. आईबाप दोघंही शीतगोदामात कामाला. मुलगी दणकट, हसरी, जेवणानंतर कोणी न सांगता भांडी विसळायला उभी राहणारी. मी म्हटलं, "अगं, राहू दे, तू शास्त्रज्ञ आहेस इथे." तर म्हणते, "मावशी, आमच्या घरात शास्त्रज्ञांनाही ताटं धुवावी लागतात."

रॉसने तिला आपला लाडका तारा दिला. मेलेला तारा, पण स्वतःभोवती गरगरतो आणि घड्याळासारखे ठोके पाठवतो. ते ठोके आम्ही वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलेले. आता गंमत अशी की आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आपण वर्षातले काही महिने त्या ताऱ्याच्या जरा जवळ असतो आणि काही महिने लांब. ठोके लवकर येतात, उशिरा येतात. तेवढा फरक आधी वजा करावा लागतो, आणि तो नीट वजा व्हायला तारा आकाशात नेमका कुठे आहे हे अचूक माहीत लागतं. जागा केसभर चुकली तरी ठोके वर्षाच्या तालावर डुलायला लागतात. हे मला पोरांनीच टेबलावरच्या मिरपूड-मिठाच्या बाटल्या फिरवून समजावलंय. दर वर्षी कोणीतरी फिरवतंच.

या ताऱ्याची जागा रॉसने तरुणपणी स्वतः मोजलेली. आयुष्यात एकट्याने केलेलं ते एकच काम, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

एलेनोआला ठोक्यांत डुलणं सापडलं. ती दोघं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच बसली होती, कारण पंखा तिथे आहे.

"सर, गणितात ताऱ्याची जागाही मोकळी सोडू का? म्हणजे ती गणितालाच नव्याने शोधू दे. हे डुलणं वर्षाचं दिसतंय."

"जागा नको हलवूस. ती मी मोजलीय."

"पण सर, बरोबर एक वर्ष—"

"मग? वर्ष काय फक्त आपल्याच ग्रहाला असतं?" रॉस हसून म्हणाला. "त्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल, बाळा. ग्रह! तुला कळतंय का तू काय बघतेयस?"

मुलीने मान खाली घातली आणि "हो सर" म्हणाली. मला तेव्हा वाटलं, किती नम्र पोर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला रॉसने सगळ्यांना सांगून टाकलं. इतक्या वर्षांत तो चहाला दोन वाक्यांच्या वर बोललेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याचे हात थांबत नव्हते. मी केक केला. लोकांनी खाल्ला, पाठ थोपटली, आणि आपापल्या खोल्यांत गेले. कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, जळतात मेले.

सिडनीला मी काही गेले नाही. तिथे काय झालं ते मला बरोबरच्या पोरांनी परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

एलेनोआ छान बोलली म्हणे. आई-बाप पहिल्या रांगेत, चर्चच्या कपड्यांत, कमरेला चटई गुंडाळून. मानाच्या जागी जाताना टोंगन माणसं अशीच जातात. बोलणं संपलं आणि एका पाहुण्या म्हाताऱ्या प्रोफेसराने हात वर केला. अगदी गोड आवाजात विचारलं, "या ग्रहाला एक फेरी मारायला किती काळ लागतो म्हणालीस?"

"एक वर्ष."

"आपलं वर्ष?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. बाकीच्यांनी बुटांकडे बघितलं. सगळ्या सभागृहाच्या लक्षात आलं होतं की या मुलीने पृथ्वीचीच फेरी त्या ताऱ्याच्या गळ्यात बांधलीय. रॉस तिसऱ्या रांगेत होता. नुसतं उठून "जागा मी दिली होती, ती हलवू नको असंही मीच म्हणालो" एवढं म्हणायचं होतं. तो उठला नाही.

एलेनोआने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं पोरं म्हणाली. मग माइकमध्ये म्हणाली, "माझी चूक झाली असणार. मला माफ करा."

रॉस येरागलला परतला आणि जेवायला यायचा बंद झाला. मी ताट झाकून त्याच्या दाराशी ठेवायची, ते तसंच परत यायचं. शेवटी मी दार वाजवून आत गेले आणि तोंड सोडलं.

"पोरगी कुठाय आता?"

"शिक्षण सोडतेय. बापाने गोदामाच्या कचेरीत नोकरी बघितलीय तिच्यासाठी."

"आणि तू इथे भिंतीकडे बघत बसलायस?"

"ग्लेनिस, माझे पाय उठले नाहीत गं," तो म्हणाला. "मी उठायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. तेवढ्यात ते हसले, आणि मला वाटलं, आता उठलो तर माझ्यावर हसतील. मला लाज वाटली. आणि आता त्या लाजेची लाज वाटते."

मला त्याची कीव आली, पण मी ती दाखवली नाही. गाडी काढ म्हटलं. त्याच्या एकट्याच्याने जाणं व्हायचं नाही हे दिसत होतं, म्हणून मी शेजारी बसले. 

तौफांच्या घरी रविवारचं जेवण मांडलेलं. आम्ही येणार हे कळवलं होतं, आणि तीच चूक झाली. अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, रताळी, भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू, कलिंगडाचं सरबत. रॉसला सगळ्यात चांगली खुर्ची दिली. मग एलेनोआचा बाप, माकिसी, आतून आला. कमरेला चटई होतीच, पण ही जुनी, कडेने फाटलेली, क्षमा मागताना नेसतात तशी. रॉससमोर तो खाली जमिनीवर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "माझ्या मुलीने तुमच्या माणसांत तुम्हाला मान खाली घालायला लावली. तुम्ही तिला शिकवलंत आणि तिने तुमचं नाव घालवलं. आम्ही तिला नीट वाढवलं नाही. आम्हाला क्षमा करा."

मी आजवर पुष्कळ माणसांना शरमताना पाहिलंय. रॉसचं तोंड त्या वेळी जसं झालं, तसं कोणाचं मी पाहिलेलं नाही. तो खुर्चीवरून उतरला, नीट उतरताही आलं नाही त्याला, आणि माकिसीच्या समोर जमिनीवर बसला.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "ताऱ्याची जागा मी दिली. तिने मला विचारलं होतं, मोकळी सोडू का म्हणून. मी नको म्हणालो. ग्रह मीच म्हणालो. ती तिथे माफी मागत होती आणि मी बसून राहिलो."

 माकिसीने हळूच मान वर केली आणि तो मुलीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो," एलेनोआ म्हणाली. "जागा मोकळी सोडून मी एकदा बघितलं होतं. डुलणं गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा, शिकवणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे कोणी शिकवलं मला?" ती रडत नव्हती. "मला वाटलं, ते स्वतः उठतील. म्हणून मी वाट बघितली."

माकिसीने फाटक्या चटईच्या दशा बोटांनी सारख्या केल्या. मग रॉसला म्हणाला, "तुम्ही इथे सांगितलंत, तुमचे उपकार. पण माझी मुलगी इथे नव्हती हो खाली पडली. ती तिथे पडली. तिथे सांगा."

रॉस म्हणाला, "सांगतो." त्यानंतर आम्ही जेवलो. अन्न उत्तम होतं, आणि रॉसने ताटात काही टाकलं नाही.

दर गुरुवारी सिडनीच्या मुख्य कचेरीत व्याख्यान असतं, सगळे येतात. तिथली प्रमुख मार्गो हिच्याकडे रॉसने आधी पाच मिनिटं मागून घेतली. या वेळी मी सभागृहात होते, मागे, रॉसने बोलावून घेतलेल्या तौफांच्या शेजारी. रॉस उभा राहिला. कागद आणला नव्हता. त्याने सगळं सांगितलं. जागा, पंख्याजवळचं बोलणं, ग्रह, आणि न उठणं. आवाज एकदा फाटला, पण पूर्ण सांगितलं. मला त्या क्षणी तो पहिल्यांदाच उंच वाटला.

मार्गो उठली. बाई स्वभावाने प्रेमळ आहे, तिला त्याला तिथे तसं उभं बघवेना. "अरे रॉस," ती म्हणाली, "किती मनाला लावून घेतलंस! आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. जागा कधी विद्यार्थी ठरवतो का? ती मार्गदर्शकच देतो. तुझ्या त्या चहाच्या दिवसापासून येरागलला कुजबुज होती. बस आता."

लोक हसले, सुटल्यासारखे. रॉसही बसायला लागला.

तेव्हा माझ्या शेजारी माकिसी उभा राहिला. त्याला तिथे बोलायचं काही कारण नव्हतं, आणि त्याचा आवाजही मोठा नव्हता.

"बाई, माफ करा. सगळ्यांना माहीत होतं?"

"हो, म्हणजे—"

"माझी मुलगी माइकसमोर माफी मागत होती, तेव्हाही?"

 माकिसीने सभागृहावरून नजर फिरवली, एकेका रांगेवरून. जगाला प्रश्न विचारून पोट भरणारी ही आमची माणसं, त्यांच्यातल्या एकालाही उत्तर सुचलं नाही. मला माझ्याच लोकांची इतकी शरम कधी वाटली नव्हती. केक खाऊन गप्प निघून गेलेले चेहरे मी आता ओळखले. ते जळत नव्हते. त्यांनी फक्त अंग काढून घेतलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मार्गो धावत आली. "एलेनोआ, संशोधनाला जागा आहे तुझ्यासाठी. मार्चपासून ये. शुल्काचं, राहायचं, सगळं मी बघते."

रॉसही मागोमाग आला. चेहरा ओला, पण कित्येक दिवसांनी मोकळा. "आपण तो तारा पुन्हा पहिल्यापासून करू," तो म्हणाला. "जागा तू मोज. लेखावर पहिलं नाव तुझं."

एलेनोआने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "सर, तुम्ही उठलात. मी ते विसरणार नाही," ती म्हणाली. "मी येईन मार्चमध्ये. पण तुमच्या हाताखाली नाही."

माकिसीने लेकीला गप्प करायला तोंड उघडलं. मग रॉसकडे पाहिलं, आणि मिटलं.